उद्योगाचा रकाना

नोकरभरतीच्या जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये 'इंडस्ट्री' नावाचा रकाना असतो. त्याचं मराठी करायला बसलं की हात आपोआप 'उद्योग'कडे जातो. पण समोर बसलेल्या उमेदवाराला 'तुमचा उद्योग काय?' असं विचारून बघा. तो आधी दचकेल. कारण घरात हा शब्द त्याने 'हे काय उद्योग करून ठेवलेस?' किंवा 'नसते उद्योग सांगितलेत कुणी?' असाच ऐकलेला असतो.

शब्द मुळात प्रयत्नाचा. संस्कृतात 'युज्' म्हणजे जोडणे, जुंपणे. त्याला 'उद्' लागून कंबर कसून कामाला लागण्याचा अर्थ आला. गंमत म्हणजे 'इंडस्ट्री'ही लॅटिनमध्ये मेहनतीपणाच होती. माणसाच्या अंगच्या गुणाची ही दोन्ही नावं पुढे गिरण्या-कारखान्यांच्या समूहाला चिकटली. इंग्रजीत जुना अर्थ मागे पडला. मराठीत तो अजून रिकामटेकड्यांच्या पाठीशी उभा आहे.

'व्यवसाय' घ्यावा, तर गीतेच्या दुसऱ्या अध्यायात त्याचा अर्थ निश्चय असा आहे. 'कारखाना' फारसी, कार म्हणजे काम आणि खाना म्हणजे जागा. शिवकाळात अठरा कारखाने म्हणत तेव्हा त्यांत अंबरखाना, मुदपाकखाना, शिकारखाना अशी दरबाराची खाती येत. धुरांडं कुठेच नव्हतं. राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, तेव्हा त्याच्या दहा वर्गांपैकी एकाचं नाव 'कार्यस्थानवर्ग' ठेवलं. या नावामागचा 'कारखाना' लपत नाही. आणि ज्याची भरती करायची तो 'नोकर' तर थेट मंगोलियातून निघालेला. तिथे 'नोकोर' म्हणजे साथीदार, चंगीझखानाचा निष्ठावान सोबती. फारसीतून आपल्याकडे येईपर्यंत त्याची बरीच पदावनती झाली.

इतके शब्द हाताशी असूनही रकाना अडतोच, आणि तो अडतो दुसऱ्याच कारणाने. साखर कारखान्यातल्या हिशेबनिसाने 'उद्योग'समोर काय लिहायचं? साखर की हिशेब? सॉफ्टवेअरला दोन्ही हवं असतं, पण वेगवेगळ्या रकान्यांत. इंडस्ट्री ही कंपनीची. माणसाचं काम ते ऑक्युपेशन. सरकारनेही या दोन याद्या वेगळ्या ठेवल्या आहेत. उद्योगांची २००८ची राष्ट्रीय वर्गवारी 'एनआयसी', तर पेशांची २०१५ची 'एनसीओ'. पहिलीत ऊस पिकवणं ०११४, साखर तयार करणं १०७२ आणि मद्यार्क गाळणं ११०१. एकाच आवारात साखरही होते आणि मळीपासून मद्यार्कही. तेव्हा ज्या कामातून सगळ्यात जास्त मूल्य निघतं, त्याचा आकडा कारखान्याला लावायचा असा नियम आहे. हिशेबनीस मात्र साखरेत असो की सिमेंटमध्ये, दुसऱ्या यादीत हिशेबनीसच राहतो.

भरतीच्या कचेऱ्यांत या दोन रकान्यांची सतत सरमिसळ होते. इंडस्ट्रीच्या जागी कुणी 'अकाउंट्स' भरतो, कुणी 'सेल्स', कुणी 'मॅनेजर'. याला नुसता निष्काळजीपणा म्हणून सोडून देऊ नये. आपल्या गावगाड्याने हा फरक कधी केलाच नव्हता. सुतार हे काम, सुतार हाच धंदा, जातही सुतार आणि आडनावही तेच. चार रकाने आणि चौघांत एकच शब्द.

त्या गावगाड्याची यादी मोल्सवर्थच्या कोशात, १८५७च्या आवृत्तीत, 'बलुतेदार' या शब्दाखाली आहे. बारा नावं, तीन कासा, म्हणजे श्रेणी; थोरली, मधली, धाकटी. जशी कास तसा पेंढ्यांचा वाटा. मधल्या कासेत कुंभार, चांभार, परीट, न्हावी. यातले शेवटचे दोन आजच्या यादीत शोधले, तर कपडे धुण्याला ९६०१ आणि केस कापण्याला ९६०२. परीट-न्हावी अजून शेजारीच! संयुक्त राष्ट्रांच्या ज्या जागतिक वर्गवारीवरून एनआयसी बेतली, तिच्या कर्त्यांनी मोल्सवर्थ काही उघडला नसणार. पण दोघेही माणसाच्या अंगाशी निगडित सेवा देतात, म्हणून दोन्ही याद्यांनी त्यांना एकाच बाकावर बसवलं असावं.

मोल्सवर्थची यादी निर्दोष नाही, आणि तो ते लपवतही नाही. बलुतेदारांत आलेला कोळी अलुतेदारांत पुन्हा येतो. एका मुलखातले अलुतेदार दुसऱ्या मुलखात बलुतेदार ठरतात, असंही तो नोंदवतो. गावोगावच्या याद्या एकत्र केल्या की दुसरं काय होणार? मात्र त्या यादीतल्या माणसाला आपला रकाना बदलण्याची मुभा नव्हती, हे विसरून तिचं कौतुक करण्यात अर्थ नाही.

भरतीच्या सॉफ्टवेअरमधली आजची यादी बिघडते ती वेगळ्या तऱ्हेने. कचेरीत तिला 'इंडस्ट्री मास्टर' म्हणतात. मास्टर उघडला की आत 'आयटी', 'आय.टी.', 'आयटी / सॉफ्टवेअर' आणि 'इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी' असे चौघे सख्खे भाऊ वेगळी बिऱ्हाडं करून बसलेले. ज्याला जे सुचलं ते त्याने 'अॅड' केलं. आता एकाच्या नावाने शोध घेतला की बाकी तिघांकडचे उमेदवार दिसतच नाहीत. नवखा माणूस जादा नावं सरळ उडवतो आणि त्यांना जोडलेले सीव्ही पोरके करून बसतो. जाणता माणूस आधी एक नाव कायम करतो, उरलेल्यांखालचे उमेदवार आणि कंपन्या त्याच्याकडे वळवतो, आणि जुनी नावं पुसून न टाकता फक्त निवडीतून काढून घेतो.

या खटपटीला इंग्रजीत 'मर्ज' म्हणतात. मराठी कचेरीकडे तिच्यासाठी फार पूर्वीपासून एक शब्द आहे: वर्ग करणे. रक्कम दुसऱ्या खात्यात वर्ग होते, प्रकरण दुसऱ्या विभागाकडे वर्ग होतं. हा 'वर्ग' संस्कृत 'वृज्' धातूचा. त्याचा अर्थ बाजूला काढणे, वगळणे. 'वर्ज्य' त्याचाच भाऊ. तेव्हा वर्गीकरणात गोळा करण्याआधी वेगळं काढणं आलं. मास्टर सांभाळणाऱ्याला हे व्युत्पत्तीविना कळलेलं असतं.

सगळं वेगळं काढून झालं तरी काही उरतं, आणि ते 'इतर'मध्ये जातं. संस्कृत कोशकार अमरसिंहालाही ते चुकलं नाही. स्वर्ग, पाताळ, वनौषधी, सिंहादी अशी नीटनेटकी विभागणी करूनही तिसऱ्या कांडात त्याला 'संकीर्णवर्ग' करावा लागला. संकीर्ण म्हणजे मिसळलेलं, सरमिसळ. मराठी दुकानदार यालाच 'किरकोळ' म्हणतो. त्याचं नातं कन्नडमधल्या 'किरु', म्हणजे लहान, याच्याशी लावतात. एनआयसीत अशा उरलेल्यांपैकी एक घर ९६०९. त्यात ज्योतिषी आहेत, वधूवर सूचक मंडळं आहेत, बूटपॉलिशवाले आणि सामान वाहणारे हमालही आहेत. स्थळं जुळवणारे असे ९६०९मध्ये, आणि नोकऱ्या जुळवणाऱ्या भरती कंपन्यांना मात्र ७८ क्रमांकाचा अख्खा विभाग.