पेजमेकरकडून इनडिझाइनकडे : मराठी अक्षरजुळणीच्या इतिहासातील एक स्थित्यंतर

मराठी मुद्रणाच्या इतिहासाची चर्चा सामान्यतः शिळाप्रेस, खिळे आणि ऑफसेट या टप्प्यांभोवती फिरते. त्यानंतरच्या संगणकीय अक्षरजुळणीच्या काळात एका प्रणालीतील पाने दुसऱ्या प्रणालीत नेताना मजकुराचे काय झाले, हा प्रश्न तंत्रज्ञांचा मानून बाजूस ठेवला जातो. वस्तुतः विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातील बरेचसे मराठी ग्रंथ संगणकावर शोधता व वाचता येतील की नाही, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे. प्रस्तुत लेखात या स्थित्यंतराचा विचार केला आहे.

अल्डस या अमेरिकी कंपनीने १९८५ मध्ये मॅकिन्टॉश संगणकासाठी पेजमेकर बाजारात आणले. १९९४ मध्ये अल्डस अडोबीत विलीन झाली. १९९९ मध्ये अडोबीने इनडिझाइन ही नवी प्रणाली आणली, २००१ मधील ७.० ही पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती ठरली आणि २००४ मध्ये तिचा पुढील विकास थांबला. महाराष्ट्रातील छोट्या डीटीपी केंद्रांत मात्र पेजमेकर त्यानंतरही अनेक वर्षे चालू राहिले.

इनडिझाइनमध्ये पेजमेकरची ६.० वा त्यापुढील आवृत्तीतील फाइल थेट उघडण्याची सोय झाली होती. त्याहून जुनी फाइल आधी पेजमेकरच्याच नव्या आवृत्तीत उघडून साठवावी लागे. रूपांतरात समास, स्तंभ व परिच्छेदशैली बहुतांशी टिकत. ओळी तोडण्याची रीत वेगळी असल्याने कोठे एखादी ओळ पुढील पानावर सरके आणि अनुक्रमणिका व शब्दसूची पुन्हा तपासावी लागे. इंग्रजी पुस्तकाचे काम येथे जवळजवळ संपे.

मराठी पुस्तकाचे काम येथे सुरू होई. पुण्याच्या सी-डॅकची आयएसएम आणि मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी यांसारख्या प्रणालींमुळे पेजमेकरमध्ये देवनागरी उमटत असे, परंतु फाइलमध्ये अक्षरे साठवली जात नसत. साठवले जात ते अक्षरांच्या आकारांचे क्रमांक. भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये ‘इस्की’ हे राष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले होते; पेजमेकरच्या पानावर मात्र त्याचा मागमूस नव्हता. प्रत्येक टंकाची क्रमांकयोजना निराळी होती. ‘किती’ या शब्दात ह्रस्व वेलांटी ‘क’च्या आधी साठवली जाई. ‘धर्माची’ मधील रफार ‘मा’ उमटल्यानंतर येई. युनिकोडमध्ये मात्र तो ‘म’च्या आधी लागतो. काही टंकांत ‘ग’ वा ‘श’ हे अर्धे अक्षर आणि काना यांची जोड असे. जुळाऱ्याने खिळे लावावेत तशीच ही रचना होती, आणि छापील पानासाठी ती पुरेशीही होती. म्हणून पान इनडिझाइनमध्ये गेले तरी मजकूर जुन्या टंकातच अडकून राही. टंक नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरे व चिन्हे यांचा गोंधळ दिसे, आणि काही टंकप्रणाली हार्डवेअर लॉकशिवाय चालतही नसत.

युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने उपलब्ध झाली तेव्हा आणखी एक अडचण पुढे आली. कोणता शब्द कोणत्या टंकात आहे ही माहिती सोबत नेली नाही, तर मराठी मजकुरातील इंग्रजी शब्दही देवनागरी क्रमांक समजून बदलले जातात. केवळ साधा मजकूर वेगळा काढणाऱ्यांची ग्रंथसूची व तळटिपा अशाच बिघडतात, कारण इंग्रजी शब्दांची दाटी तेथेच असते.

या इतिहासातील सर्वांत बोलकी घटना २०१२ ची आहे. त्या वर्षीच्या इनडिझाइन सीएस६ मध्ये मराठीसह दहा भारतीय भाषांच्या युनिकोड जुळणीस अधिकृत आधार मिळाला. पेजमेकरची फाइल उघडू शकणारी इनडिझाइनची शेवटची आवृत्तीही हीच. २०१३ पासूनच्या सीसी आवृत्त्यांतून ती सोय गेली. देवनागरीला नव्या घरात जागा मिळाली आणि जुन्या घराचे दार बंद झाले, ते असे लागोपाठच. या घाईत मराठी प्रकाशनव्यवसायाने मोठ्या प्रमाणावर रूपांतर हाती घ्यावे अशी अपेक्षा करणे अन्याय्यच होय. जुने पुस्तक पुन्हा छापायचे तर पीडीएफ किंवा फिल्म पुरेशी होती.

अशा पीडीएफमधून मजकूर उचलल्यास मात्र बहुधा जुन्या टंकाचे क्रमांकच हाती येतात. ज्यांचे रूपांतर झाले त्यांच्यातही एकवाक्यता नाही. ‘दुसऱ्या’ मधील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. ‘ॲ’ या अक्षरास स्वतंत्र स्थान २००८ च्या ५.१ आवृत्तीत मिळाले. त्यापूर्वीच्या मजकुरात तेथे अ आणि त्यावरील चंद्र असे दोन संकेत आहेत. महाविद्यालयीन ग्रंथालयाच्या संगणकीय सूचीत ‘ॲरिस्टॉटल’ शोधणाऱ्यास त्यामुळे एका पद्धतीने टंकलिखित नोंदी सापडतात आणि दुसऱ्या पद्धतीच्या निसटतात, जरी पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसत असल्या तरी.