दारचा आंबा कधी अन् कसा उतरवायचा?

घाईने उतरवलेला आंबा आढीत सुरकुततो अन् आंबटच राहतो. देठाजवळचे खांदे भरले, एखाददुसरा पाड खाली पडू लागला, की आंबा तयार झाला समजा. खात्री नसेल तर दोन-चार फळे पाण्यात टाका; तयार फळ बुडते, कोवळे तरंगते.

सकाळी ऊन चढायच्या आत झेल्याने आंबे काढावेत. 4-5 सेंटिमीटर देठ ठेवावा, नाहीतर चीक ओघळून सालीवर डाग पडतात. पडून आपटलेला आंबा आढीत घालू नये. एक सडला की शेजारचेही नासतात. आढी भाताच्या पेंढ्यात घालावी. कार्बाईडवर बंदी आहे.

झाडाजवळून विजेची तार जात असेल तर पुरवठा बंद केल्याशिवाय झेला उचलू नका.