नागपाडा ते पोलीस ठाणे: 'टिस'ची वाटचाल

मुंबईत नागपाड्याच्या दाटीवाटीच्या वस्तीत अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅनशार्ट 'नेबरहूड हाऊस' नावाचे समाजकेंद्र चालवत. 1936 साली तिथेच त्यांच्या संचालकत्वाखाली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. समाजकार्याचे व्यावसायिक शिक्षण देणारी ही देशातली पहिली संस्था. 1944 मध्ये तिचे नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाले आणि पुढे लोकांच्या तोंडी 'टिस' रुळले.

स्थापनेच्या दुसऱ्याच वर्षी संस्थेने बालमार्गदर्शन केंद्र काढले. अशा केंद्रात अभ्यासात मागे पडणारे मूल आले की मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतो, मनोविकारतज्ज्ञ तपासतो आणि समाजकार्याचा विद्यार्थी गृहभेटीला जातो. खोलीत माणसे किती, वडिलांची पाळी कोणती, मूल अभ्यासाला बसते कुठे, हे कुठल्या चाचणीत दिसत नाही. मग केस कॉन्फरन्समध्ये तिघे आपापली बाजू मांडतात. डॉक्टरांसमोर न बिचकता बोलणे आणि मोजके बोलणे, दोन्हींची सवय विद्यार्थ्याला तिथेच लागते.

समाजकार्य रुग्णालयातही पोचले: 1946 मध्ये जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. 1954 साली संस्था देवनारला गेली. विद्यार्थ्यांचे फिल्डवर्क मात्र शहरभर पसरतच राहिले.

खरी कसोटी लागली ती 1984 मध्ये. संस्थेचा महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष थेट मुंबई पोलिसांच्या आवारात उघडला. मार खाऊन आलेल्या बाईला तक्रार नोंदवायची असते, पण रात्री झोपायचे कुठे हाही प्रश्न असतो. पहिले काम पोलिसांचे. दुसऱ्यासाठी निवारा, वकील, दवाखाना, माहेर अशी जुळवाजुळव करावी लागते. हे प्रारूप पुढे राज्य सरकारने उचलले. 1990 मध्ये कैद्यांसाठी 'प्रयास' हा प्रकल्प आणि 1996 मध्ये मुलांच्या मदतीसाठी 1098 क्रमांकाची चाइल्डलाइन उभी राहिली, तीही याच मुशीतून.

या प्रत्येक ठिकाणी विद्यार्थी पाहुणा असतो. वॉर्डात शब्द डॉक्टरांचा, ठाण्यात साहेबांचा, तुरुंगात अधीक्षकांचा. हाती अधिकार नसताना काम करून घ्यायचे, तर समोरच्याच्या अडचणी आणि नियम आधी समजून घ्यावे लागतात. 'टिस'च्या शिक्षणाचे बळ यात आहे.

उणीव आहे ती पलीकडच्या बाजूला. वैद्यकीय विद्यार्थीही वस्तीत पोस्टिंगला जातो, पण समाजकार्याच्या विद्यार्थ्याशी त्याची गाठ पडेलच असे नाही. दोघांनी एकाच घराची गृहभेट एकत्र करावी, एवढे अभ्यासक्रमात आले तरी पुष्कळ होईल.