हौस, कारागिरी आणि कॅमेरा : कोल्हापुरातील चित्रण-सामग्रीच्या जडणघडणीचा एक विचार

प्रस्तावना

छायाचित्रणाची हौस भारतात प्रथम रुजली ती पैसा, फुरसत आणि इंग्रजी वाचन या तिन्हींची अनुकूलता असलेल्या घरांत. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तीत इंग्रज अधिकाऱ्यांच्या बरोबरीने डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे सुशिक्षित एतद्देशीयही होते. या वर्गाची सामग्री वाढत गेली ती खरेदीतून. विलायतेहून नवे भिंग आले की जुने कपाटात जाई. छायाचित्रणाच्या इतिहासात ‘हौशी’ हा शब्द बहुधा याच वर्गासाठी राखून ठेवलेला आढळतो. कोल्हापुरातील मेस्त्री बंधूंचे उदाहरण पाहिले असता हा शब्द अपुरा पडतो. त्यांनीही एकेक साधन मिळवत, सुधारत, पायरीपायरीने मजल गाठली. परंतु त्यांची प्रत्येक पायरी हाताने घडवलेली होती. या फरकाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पूर्वसूरी : विकत घेतलेला कॅमेरा

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रपटांचा खेळ झाला. तो पाहणाऱ्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा हे होते. त्यांचा छायाचित्रणाचा व्यवसाय होता. स्थिर चित्रापासून चलच्चित्राकडे जाण्यासाठी त्यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागविला आणि १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये झालेली एक कुस्ती चित्रित केली. (मराठी माणसाच्या कॅमेऱ्याने पहिल्यांदा कुस्ती टिपावी, याचे कोल्हापूरकरांना आश्चर्य वाटू नये.)

दादासाहेब फाळके यांची वाट अधिक खडतर होती. चित्रकला, छायाचित्रण, ठसे तयार करणे, मुद्रण अशा अनेक कलांतून ते गेलेले होते. १९१२ च्या आरंभी विमा पॉलिसी गहाण ठेवून ते लंडनला गेले व विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, कच्ची फिल्म आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र यांची जुळवाजुळव करून परतले. फिल्मच्या कडांना छिद्रे पाडण्याचे काम सरस्वतीबाई फाळके रात्री घरात करीत. वाटाण्याच्या रोपाची वाढ दाखविणारा त्यांचा छोटा प्रायोगिक चित्रपट दादरच्या राहत्या घरीच तयार झाला. राहते घर हेच स्टुडिओ, प्रयोगशाळा आणि कोठार होते. तरीही यातील कळीचे यंत्र परदेशातून विकत आणलेले होते, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवली पाहिजे.

मेस्त्री घराणे व पडद्यांचा व्यवसाय

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म १८९० मध्ये कोल्हापुरात झाला. वडील कृष्णराव हे सुतारकाम, लोहारकाम, चित्र, कोरीवकाम अशा अनेक कामांत हात असलेले कारागीर होते. बाबूराव व त्यांचे चुलतबंधू आनंदराव यांनी कोणत्याही कलाशाळेत रीतसर शिक्षण घेतले नाही. १९१० नंतरच्या काही वर्षांत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविणारे म्हणून या दोघांचे नाव पश्चिम भारतात झाले. ‘मेस्त्री’ हे आडनाव मुळात हुद्द्याचे. त्याच्या जागी लोकांनी ‘पेंटर’ हे दुसरे हुद्द्याचेच नाव बसविले आणि तेच इतिहासात टिकले. उच्चभ्रू हौशी छायाचित्रकाराच्या नावावर त्याच्या हौसेची अशी खूण क्वचितच उमटलेली दिसते.

पडदा रंगविणाऱ्याला दृश्याची खोली, प्रकाशाची दिशा आणि दूरच्या प्रेक्षकाचा डोळा यांचा हिशोब सतत ठेवावा लागतो. छायाचित्रणाची जी मूलतत्त्वे मुंबईच्या हौशी मंडळींनी पुस्तकांतून घेतली, त्यांतील बरीचशी या दोघांच्या हाती कॅमेरा येण्यापूर्वीच आलेली होती. शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीत (१८९४–१९२२) नाटक, गायन, मल्लविद्या व चित्रकला यांना दरबारचा आश्रय होता. पॅलेस थिएटरसारखी वास्तू याच काळात उभी राहिली. कारागिराला काम आणि काम पाहणारा जाणकार, असे दोन्ही शहरातच मिळत होते.

प्रोजेक्टरकडून कॅमेऱ्याकडे

१९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला आणि पेंटर बंधूंना चित्रपटाचे वेड लागले. त्यांनी पहिले पाऊल निर्मितीचे टाकले नाही. चित्रपट दाखविण्याचे टाकले. हा क्रम योगायोगाचा मानता येणार नाही. प्रोजेक्टर आणि कॅमेरा यांची यंत्ररचना जवळची आहे. दोहोंतही फिल्म अखंड सरकत नाही. एक चौकट क्षणभर थांबते, झडप उघडते व मिटते, दाताळे छिद्रांत शिरून फिल्म पुढे ओढते आणि दुसरी चौकट जागेवर येते. मूकपटाच्या काळात हे सेकंदाला साधारण सोळा वेळा, तेही हाताने हँडल फिरवून, साधावे लागे. ल्युमिएर बंधूंचे यंत्र तर कॅमेरा, छपाईयंत्र आणि प्रोजेक्टर या तिन्हींचे काम एकाच पेटीत करीत असे. ज्याने प्रोजेक्टर चालविला, बिघडल्यावर तो उघडला, झिजलेले चाक बदलले, त्याच्यापुढे कॅमेऱ्याचे निम्मे रहस्य उघडे झालेले असते. उरलेले निम्मे मात्र कठीण होते. प्रकाशबंद पेटी, गतीतील एकसारखेपणा आणि चौकट तसूभरही न हलता जागेवर बसणे या तीन गोष्टींत चूक झाली, तर पडद्यावरचे चित्र थरथरते किंवा काळवंडते.

कॅमेरा जुळविण्याचे प्रयत्न चालू असतानाच १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले. त्यानंतर बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने काम पुढे नेले आणि १९१८ मध्ये चालणारा कॅमेरा सिद्ध झाला. हा काळ पहिल्या महायुद्धाचा आहे. ‘पहिला स्वदेशी कॅमेरा’ असा या यंत्राचा गौरव होतो. तो करताना दोन गोष्टी सहसा निसटतात. पहिली म्हणजे त्यातील आनंदरावांचा वाटा. आरंभ करणारा पूर्तीपूर्वी गेला की श्रेय पूर्ती करणाऱ्याकडे जाते, हा इतिहासलेखनातील नेहमीचा अन्याय येथेही झाला आहे. दुसरी गोष्ट स्वदेशी या शब्दाची मर्यादा. कच्ची फिल्म तर बाहेरूनच येत होती. कोल्हापुरात घडली ती यंत्राची हालचाल. आणि तेवढे श्रेयही लहान नाही.

महाराष्ट्र फिल्म कंपनी : साधनांची पुढची पायरी

१९१७-१८ च्या सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. भांडवल पुरविले ते गायिका तानीबाई कागलकर यांनी. एका कलावंत स्त्रीच्या कमाईवर ही यंत्रविद्या पुढे सरकली, याची नोंद चित्रपटाच्या इतिहासात एखाद्या ओळीपलीकडे जात नाही. १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पुण्याच्या आर्यन थिएटरमध्ये झळकला. त्यातील कीचकवधाचे दृश्य इतके प्रत्ययकारी उतरले की ते पुढे गाळावे लागले. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली ती याच चित्रपटासाठी. घरगुती कॅमेऱ्याची खरी परीक्षा येथे झाली.

यानंतरचा विकास पाहिला तर प्रत्येक नवे साधन कथेच्या गरजेतून आलेले दिसते. मूकपटाचे चित्रण सूर्यप्रकाशावर अवलंबून असे. हरि नारायण आपटे यांच्या कादंबरीवरून ‘सिंहगड’ (१९२३) करायचा, तर तानाजीची चढाई रात्रीची. ती भर उन्हात दाखविणे बाबूरावांना मानवले नसावे. या चित्रपटात त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला आणि भारतीय चित्रपटातील त्या दिशेचा तो आरंभीचा प्रयत्न मानला जातो. पडदे रंगवून नाव मिळविलेल्या याच माणसाने चित्रपटातून रंगीत पडदे हद्दपार करून भरीव नेपथ्य आणले, हेही येथे नमूद केले पाहिजे. कॅमेऱ्याच्या भिंगाला सपाट पडद्याची लबाडी लगेच कळते, हे पडदेवाल्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

‘सावकारी पाश’ (१९२५) हा नारायण हरि आपटे यांच्या कथेवरील चित्रपट या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. कर्जापायी जमीन गमावून गिरणीत मजुरीला गेलेल्या शेतकऱ्याची ही कथा. तीतील काळोखी झोपडी आणि बाहेर रडणारे कुत्रे हे दृश्य पाहणाऱ्यांच्या दीर्घकाळ स्मरणात राहिले. दोन वर्षांपूर्वी प्रकाश आणण्यासाठी मिळविलेले साधन येथे अंधार दाखविण्यासाठी वापरले गेले. सामग्री हातात येणे आणि ती पचणे यांत अंतर असते. ते अंतर बाबूरावांनी अवघ्या दोन वर्षांत कापले.

कारागिरीची मर्यादा

१ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम आणि केशवराव धायबर कंपनीबाहेर पडले व सीताराम कुलकर्णी यांच्या आर्थिक साहाय्याने कोल्हापुरातच त्यांनी प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. लवकरच बोलपट आला. ध्वनिमुद्रणाचे यंत्र घरच्या कारखान्यात चाके व दाताळी कातून उभे राहणारे नव्हते. त्याला विद्युत्-शास्त्र लागत होते आणि मोठे भांडवलही. प्रभातने ती सामग्री विकत घेतली व १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ बोलता केला. ध्वनीची बाजू सांभाळली ती दामल्यांनी. गुरूच्या घरी कॅमेऱ्याचे भाग घासूनपुसून जुळविणारा हा शिष्य विकतच्या यंत्राशीही तितक्याच सहजतेने वागला. कारण यंत्र उघडून पाहण्याची भीती त्याला कधी नव्हतीच. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली. महाराष्ट्र फिल्म कंपनी त्यापूर्वीच बंद पडली होती.

बाबूरावांनी पुढे इतरांच्या स्टुडिओत काही बोलपट दिग्दर्शित केले. १९३६ मध्ये त्यांनी ‘सावकारी पाश’ पुन्हा, या वेळी ध्वनीसह, चित्रित केला. त्यानंतर चित्र आणि शिल्प यांतच त्यांचे मन अधिक रमले. १९५४ मध्ये कोल्हापुरात त्यांचे निधन झाले.