गळ, बेडूक आणि बारडोलीचं तळं

आपल्या बारडोली, व्यारा, सोनगड भागातल्या मराठी घरांच्या आठवणी तुम्ही सगळे लिहिता, मी वाचत असतो. आज माझी एक. थोडी लांब आहे, चहा घेऊन बसा.

गेल्या महिन्यात न्यू जर्सीहून मुलाचा व्हिडिओ कॉल आला. तो तळ्याच्या काठावर उभा, हातात काठी, समोर पाणी आणि पाण्यावर पसरलेली कमळाची पानं. म्हणाला, "बाबा, बघा काय करतो." दोरीच्या टोकाला रबराचा हिरवा बेडूक होता. तो त्याने पानांच्या पलीकडे फेकला, लाटा शांत होऊ दिल्या आणि हळूहळू पानावरून ओढत आणला. पान संपलं, बेडूक मोकळ्या पाण्यात टपकन पडला आणि खालून धप्प! पाणी उडालं. मुलगा ओढायचा थांबला, म्हणाला, "लगेच खेचायचं नसतं. मनात एक-दोन म्हणायचं, मग."

मी इकडे खुर्चीतून उठून उभा राहिलो. हे मला माहीत होतं, फक्त आमच्याकडे एक-दोन नव्हतं. "राम, राम, राम म्हण, पछी खेंच," असं मला शिकवलं होतं. शिकवणाऱ्याबद्दल मी मुलाला कधी काही सांगितलं नव्हतं. म्हणून हे लिहितोय.

बारडोलीचं नाव काढलं की १९२८ चा सत्याग्रह. पाहुणे आले की आपण त्यांना स्वराज आश्रम दाखवतो, पातरा खाऊ घालतो. सरकारने शेतसारा २२ टक्क्यांनी वाढवला, शेतकऱ्यांनी तो भरायचं नाकारलं, वल्लभभाई इथेच 'सरदार' झाले आणि पुढे चौकशी होऊन वाढ सहा टक्क्यांच्या आसपास आली. हे सगळं खरं आणि अभिमानाचं. पण हा इतिहास जमिनीचा आहे, म्हणजे ज्यांच्याकडे जमीन होती त्यांचा. ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्या हळपतींचं काय? लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी धन्याच्या शेतात पिढ्यान् पिढ्या राबणारी 'हाळी' पद्धत याच भागातली. शेतसारा कमी झाला म्हणून त्यांच्या ताटात काही वाढलं नाही. त्यांच्या ताटात जे पडायचं त्यातलं बरंचसं गावतळ्यातून यायचं. तळ्याचा इतिहास मात्र कुणी लिहिला नाही.

आमचं घराणं अमळनेरकडचं. ताप्ती व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास सुरत ते अमळनेर सुरू झाली आणि खानदेशी माणसाला बारडोली शेजारचं गाव झालं. त्याआधीही गायकवाडी होतीच. व्यारा, सोनगड, महुवा हे सगळं बडोदा संस्थानात, त्यामुळे मराठी कारकून, मास्तर, शिपाई या मुलखात जुनेच. आमचे बाबा मात्र स्वातंत्र्यानंतरचे. काकरापारचा बंधारा झाला, कालव्यांची कामं निघाली, त्यात ते नोकरीला लागले. बारडोलीपासून सायकलने अर्ध्या तासावरच्या एका गावी आम्हाला घर मिळालं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

घराच्या मागे तळं. अर्धं तळं पोयणांनी भरलेलं. आम्ही त्याला सरसकट कमळं म्हणायचो, पण खऱ्या कमळाचं पान वाटोळं असतं आणि बरेचदा पाण्याच्या वर उभं राहतं. पोयणाचं पान पाण्यावर आडवं पसरतं आणि त्याला एका बाजूने चीर असते. या पानांच्या सावलीत मरळ राहते.

मरळ ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. लांबट, काळपट, डोकं सापासारखं चपटं. काटे कमी, मांस घट्ट. आजारातून उठलेल्याला आवर्जून देतात. हैदराबादला मृग नक्षत्रावर दम्याचं औषध मरळीच्या जिवंत पिल्लाच्या तोंडात घालून गिळवतात, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. हिचं वैशिष्ट्य म्हणजे ती वरची हवा घेते. थोड्या थोड्या वेळाने तिला वर यावंच लागतं. त्यामुळे ओल्या गोणपाटात ती तासन् तास जिवंत राहते आणि तळं आटलं तरी चिखलात तग धरते. आणि पानावर बसलेला बेडूक म्हणजे तिचा जीव की प्राण.

आमच्या घरी लाकडं फोडायला, अंगण सारवायची माती आणायला एक हळपती काका यायचे. मी त्यांना काका म्हणायचो, ते मला "भाई". मी नऊ-दहा वर्षांचा असताना त्यांनी मला तळ्यावर नेलं. दोन पुरुष उंचीचा बांबू, जाड नायलॉनची दोरी, एक मोठा गळ आणि गळाला लहान बेडूक, पाठीच्या कातडीतून अडकवलेला, जिवंत राहील असा. दोरी बांबूपेक्षा फार लांब नाही. कारण मासा लागला की त्याला फिरायला जागा द्यायचीच नाही. एकदा मरळ पोयणांच्या देठांत शिरली की दोरी गुंडाळली जाते आणि मग मासाही गेला, गळही गेला.

काका काठावर उभे राहत नसत. उकिडवे बसत, सावली पाण्यावर पडणार नाही अशा बाजूला. बेडूक पानावर ठेवायचा. थांबायचं. मग काठीचं टोक हलकं हलवायचं की बेडूक एका पानावरून दुसऱ्या पानावर. मधल्या फटीत पडला की पुन्हा थांबायचं. कधी पाच मिनिटं काही नाही. कधी पान खालून थरथरायचं. काका बोटाने दाखवायचे, तोंडाने काही नाही. मग तो धप्प आवाज. आणि लगेच खेचलं तर बेडूक तेवढा हातात येतो, कारण मरळ आधी नुसती धरते आणि वळल्यावर गिळते. म्हणून तीनदा राम.

हे काही गावंढळ कसब नाही बरं का. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा ग्रंथ लिहिला. त्यात मासे गळाने धरणं हा राजाचा विनोद, म्हणजे करमणूक, म्हणून सविस्तर आला आहे. माशांच्या जाती, त्यांना काय खाऊ घालावं, सगळं. पुढे मद्रासकडचा एक इंग्रज अधिकारी, हेन्री सलिव्हन थॉमस, याने १८७३ साली 'द रॉड इन इंडिया' हे जाडजूड पुस्तक काढलं, त्यातही मरळ आहे. राजाने केलं तर विनोद, साहेबाने केलं तर स्पोर्ट. काकांनी केलं तर आमच्या आळीत त्याला "हळपत्यांचे धंदे" म्हणायचे.

आमच्या घरातलंही सांगतो, लपवत नाही. आईच्या चुलीवर मासा चालत नसे. ओट्यावर वेगळी शेगडी होती. मरळ फार बुळबुळीत, काका ती राख लावून ओट्यावरच साफ करून द्यायचे. डोकं आणि शेपटीकडचा तुकडा त्यांचा. चहा त्यांना मिळायचा, पण त्यांचा कप वेगळा, ओट्याच्या कोनाड्यात उपडा घातलेला. आम्ही त्यांच्याकडून शिकलो, त्यांनी धरलेलं खाल्लं, आणि त्यांनी कधी उंबरा ओलांडला नाही. तेव्हा मला यात काही वावगं वाटलं नाही, हेच आज वाटतं.

आता मुख्य गोष्ट. १९६९ च्या पावसाळ्यात मी एकटाच तळ्यावर गेलो होतो. पोयणांच्या फटीत पाण्यावर लालसर ठिपका दिसला, कुंकू सांडल्यासारखा. तो हलत होता. मी बेडूक नेमका त्यात टाकला. टेकायच्या आत मरळ तुटून पडली. मी बांबू उचलला आणि ती काठावर आली, तोवर धरलेल्यांत सगळ्यात मोठी. ओरडतच घरी निघालो. वाटेत काका भेटले. त्यांनी मासा पाहिला, मग तळ्याकडे पाहिलं. म्हणाले, "क्यांथी पकडी? एनां बच्चां छे त्यां. छोडी दे, भाई."

तो लाल ठिपका म्हणजे मरळीची पिल्लं. शेकडो पिल्लं एकत्र पोहतात आणि आई-बाप खाली पहारा करतात. त्या दिवसांत मरळ भुकेने झडप घालत नाही, पिल्लांजवळ आलेल्याला हाकलायला घालते. म्हणून तेव्हा ती लहान पोरालाही सहज मिळते. आणि म्हणूनच तेव्हा धरायची नसते.

मी सोडली नाही. बाबांनी शाबासकी दिली. संध्याकाळी काका नेहमीसारखे आले, राख लावून मासा साफ केला, हात धुतले आणि गेले. डोकं आणि शेपटीचा तुकडा तसाच ताटलीत राहिला. दुसऱ्या दिवशी मी तळ्यावर गेलो तर लाल ठिपका विस्कटलेला आणि दोन बगळे निवांत टिपत होते. काका मला रागावले नाहीत. फक्त दिवाळीपर्यंत त्यांनी मला तळ्यावर बोलावलं नाही.

पुढे काय झालं ते तुमच्याही डोळ्यांसमोरचं आहे. कालव्याचं पाणी आलं, १९७२ साली उकाई धरण पुरं झालं. कापूस-ज्वारी मागे पडली, जिकडे तिकडे शेरडी. साखर कारखाने आले. पूर्वी उन्हाळ्यात आटणारी तळी बारमाही झाली. तळ्याला बरे दिवस आले असं वाटलं. पण शेतातलं खत वाहून तळ्यात आलं आणि जलपर्णी माजली. पोयणाच्या दोन पानांत फट असते, जलपर्णीत नसते. मग मत्स्यपालनाचे लिलाव सुरू झाले. रोहू-कटला सोडायचे, तर त्यांची पिल्लं खाणारी मरळ नको, म्हणून बीज सोडण्याआधी तिला जाळ्याने काढून टाकायची. आमच्या त्या गावात गळ टाकायलाही मनाई झाली, राखणदार बसला. पैसे पंचायतीला मिळाले, त्यातून कामंही झाली असतील. पण ज्या घरात आठवड्यातून दोनदा मासा फुकट यायचा, तिथे तो विकत घ्यायचा झाला. सगळ्यात शेवटी सुशोभीकरण. दगडी काठ, दिवे, बाक. पोयणं उपटली. आज तिथे फिरायला छान वाटतं, मीही जातो.

याच काळात खानदेशातून ऊसतोडीला टोळ्या येऊ लागल्या. 'कोयते' म्हणतात त्यांना. आपलीच माणसं, आपल्याच आज्या बोलायच्या ती अहिराणी बोलणारी. त्यांची पोरं कालव्याच्या कडेला गळ टाकून बसलेली मी शाळेत जाताना पाहायचो. सायकल थांबवून कधी विचारलं नाही, काही मिळालं का म्हणून.

आता परत न्यू जर्सी. मुलगा धरतो तो बास नावाचा मासा, आपल्याकडे नाही. पण सवयी मरळीच्याच. पानांखाली दबा धरायचा आणि वरच्या बेडकावर झडप घालायची. तिकडे मिशिगनमधल्या जेम्स हेडन नावाच्या माणसाने १८९० च्या दशकात लाकडाचे बेडूक कोरून या माशासाठी वापरले, तिथून आजच्या रबरी बेडकापर्यंत मोठा धंदा झाला. रबरी बेडूक आतून पोकळ असतो आणि त्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटलेले, वर वळलेले, म्हणून पानात अडकत नाहीत. माशाने चावलं की पोट दबतं आणि गळ बाहेर. आता आपल्याकडेही हौशी लोक यानेच मरळ धरतात. बरंच झालं, बेडकांचं आपण कमी नुकसान केलं नव्हतं. त्यांच्या तंगड्या परदेशी पाठवायचो, ते १९८७ साली सरकारने बंद केलं.

मी मुलाला विचारलं, धरलेला मासा काय करतोस? म्हणाला, "सोडतो. इथे परवाना लागतो. आणि वसंतात दोन महिने तर बास धरली तरी तिथल्या तिथे सोडावीच लागते, कायदा आहे. तेव्हा नर पिल्लांवर पहारा देत असतो. त्याला नेलं तर पिल्लं जातात."

मी काही बोललो नाही. माझ्या काकांना सही करता येत नव्हती. पण अमेरिकेने जो कायदा केला तो त्यांनी मला १९६९ साली एका वाक्यात सांगितला होता आणि मी ऐकला नव्हता. मग मुलाला सगळं सांगितलं, कोनाड्यातल्या कपासकट. तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्यांचं नाव काय होतं बाबा?"

मंडळी, मला नाव आठवलं नाही. वर्षानुवर्षं काका म्हणालो, घरात सगळे "पेला काका" म्हणायचे. दुसऱ्या दिवशी गावात जाऊन विचारून आलो. त्यांचा नातू भेटला, सुरतेला कामाला जातो. त्याने नाव सांगितलं. परवानगी विचारली नाही म्हणून इथे लिहीत नाही, पण मुलाला कळवलं आणि माझ्या वहीत लिहून ठेवलं. नातवाने घरात बोलावून चहा दिला. त्याच्याकडे माझ्यासाठी वेगळा कप नव्हता.

तुमच्याही घरी असे कुणी काका, मासी येत असतील. ज्यांनी पोहायला शिकवलं, रानभाजी दाखवली, साप ओळखायला शिकवला. त्यांचं नाव आठवत असेल तर खाली जरूर सांगा. आठवत नसेल तर जाऊन विचारा, सांगणारं कुणी आहे तोवर.