चिकटवायची फरशी आणि तिच्या पोटातलं भूत

पाठचा कागद सोलायचा, चौकोन जमिनीवर दाबून बसवायचा, झालं. गवंडी नको, सिमेंट नको, खालच्या मजल्यावरच्यांची बोलणी नकोत. शनिवार-रविवारात खोलीचं रूप पालटणाऱ्या या व्हायनिल टाइल्स आपल्याला नवीन वाटतात. पण मंडळी, स्वस्तात जमीन झाकायचा हा धंदा दीडशे वर्षांहून जुना आहे.

सुरुवात होते जवसापासून. हो, तेच ते चटणीवालं! इंग्लंडच्या फ्रेडरिक वॉल्टनने पाहिलं की जवसाच्या तेलातल्या रंगावर हवा लागून रबरासारखी साय धरते. त्याने ती मुद्दाम बनवली, त्यात बुचाचा भुगा आणि राळ कालवली, कापडावर थापली आणि १८६३ मध्ये पेटंट घेतलं. नाव ठेवलं लिनोलियम. लॅटिनमध्ये लिनम म्हणजे जवस, ओलियम म्हणजे तेल. पुढे पाठीला तागाचं कापड आलं, त्याचा कच्चा ताग बंगालचा. जवसही पुष्कळसं हिंदुस्थानातून जायचं. म्हणजे विलायतेतल्या स्वयंपाकघरांच्या जमिनीत आपलाही वाटा होता म्हणायचा :-)

चौदा वर्षांनी पेटंट संपलं आणि स्कॉटलंडच्या नेर्न कंपनीने सरळ 'लिनोलियम' याच नावाने माल काढला. वॉल्टनची कंपनी कोर्टात गेली आणि १८७८ मध्ये हरली. कोर्ट म्हणालं, या वस्तूला दुसरं नावच नाही, मग ते एकट्याचं कसं? (नामकरण करताना जपून, हे आपल्या प्रोग्रामर लोकांना सांगायला नको.)

पुढे १९२६ मध्ये अमेरिकेत गुडरिच कंपनीतला वॉल्डो सेमन रबर धातूला चिकटवायला काहीतरी शोधत होता. डिंक काही जमला नाही, पण पीव्हीसी मऊ करायची युक्ती सापडली. १९३३ च्या शिकागोच्या जत्रेत व्हायनिलची फरशी लोकांनी पाहिली, पण घरोघरी ती पोचली महायुद्धानंतरच.

आता खरी गंमत. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना घरं हवी होती. न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउनमध्ये १९४७ ते १९५१ या काळात सतरा हजारांवर घरं उभी राहिली, अगदी असेंब्ली लाइनवर काढल्यासारखी. (विकली फक्त गोऱ्यांना, हेही नोंदवून ठेवतो.) तळघर नाही, सरळ काँक्रीटचा थर आणि त्यावर डांबरी टाइल्स. त्या काळात अशा टाइल्स, आणि नंतरच्या व्हायनिलच्याही, मजबूत व्हाव्यात म्हणून त्यात ॲस्बेस्टॉस घालत. स्वस्त, न जळणारं, न झिजणारं. त्याचे तंतू श्वासातून आत गेले तर कॅन्सर कित्येक दशकांनी उमटतो, हे लोकांना पटेपर्यंत जमिनी घालून झाल्या होत्या. १९८९ ची अमेरिकी बंदी १९९१ मध्ये कोर्टाने जवळपास रद्दच केली. तिथे वापरात उरलेल्या क्रायसोटाइल या प्रकारावर बंदी यायला २०२४ उजाडलं. याला काय म्हणावं!

असो. आपल्यापैकी जे तिकडे जुनी घरं घेतात त्यांच्यासाठी हा मुद्दा पुस्तकी नाही. नवीन टाइल लावायची म्हणून जुनी उखडायचा उत्साह नडतो. अखंड, घट्ट बसलेली जुनी टाइल सहसा त्रास देत नाही. ती फोडली, खरवडली, घासली की धूळ उडते. १९८० च्या आधीचं घर असेल आणि खाली नऊ इंची चौकोन दिसले तर संशय घ्यायलाच हवा. नुसतं बघून कळत नाही, नमुना लॅबमध्ये द्यावा लागतो. जमीन सपाट, कोरडी आणि न हलणारी असेल, तर त्यावरच नवीन चिकटवणं हा स्वस्त उपाय आहे आणि उखडण्यापेक्षा सुरक्षितही. ओल असेल तर मात्र डिंक सुटतो, कोपरे वर येतात.

आणि टाइल निघालीच, खाली काळा डांबरासारखा डिंक दिसला, तर सँडर अजिबात चालवू नका. त्या डिंकातही ॲस्बेस्टॉस असू शकतं.