कादंबरी

हिंदी-बंगालीत ‘उपन्यास’, गुजरातीत ‘नवलकथा’. मराठीत आणि कन्नडमध्ये मात्र ‘कादंबरी’. हे मुळात एका नायिकेचं नाव. ७व्या शतकात सम्राट हर्षवर्धनाच्या पदरी असलेल्या बाणभट्टाने गंधर्वकन्या कादंबरी आणि चंद्रापीड यांची प्रेमकथा संस्कृत गद्यात लिहायला घेतली. ती अर्धीच राहिली, मग मुलाने पुरी केली. त्या एका पोरीचं नाव आपण अख्ख्या साहित्यप्रकाराला देऊन टाकलं! संस्कृतात ‘कादंबरी’ म्हणजे मद्यही. वाचनाच्या नादात गॅसवरचं दूध उतू घालवणाऱ्यांना हा अर्थ लगेच पटेल.

१८५७ सालच्या बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ला पहिली मराठी कादंबरी मानतात. पुढे या नावाखाली काय काय मावलं! आमच्याकडे आजीच्या उशाशी बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार, मावशीच्या पर्समध्ये सुट्टीतली प्रेमकथा, धाकट्याच्या दप्तरात भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. हरवलं की तिघंही ‘माझी कादंबरी कुठंय?’ असंच ओरडतात. खुनी कोण हे कुणी आधीच फोडलं, तर आजी दिवसभर अबोला धरते.

तिघांत मावशीच शब्दाशी सर्वांत इमानी. बाणभट्टाची कादंबरी होती ती प्रेमकथाच.